पान 14 वरचं एक वाक्य : 1321 सालचं ठाणं आणि श्रद्धावंताचा इतिहास

वाक्य असं होतं : "प्रभूच्या कृपेने अग्नीने त्यांच्या अंगाला स्पर्शही केला नाही."

एम. ए.च्या लघुप्रबंधाचा पहिला मसुदा, पान 14. मी वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढली आणि समासात एकच शब्द लिहिला : पुरावा? दुसऱ्या दिवशी ती विद्यार्थिनी स्टाफरूमच्या दारात उभी. म्हणाली, "मॅडम, तुम्हीसुद्धा ख्रिस्तीच ना?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, दुखावलेपण होतं. मी तिला बसवलं, चहा मागवला, पण उत्तर माझ्याजवळही तयार नव्हतं. पुढचं जवळजवळ वर्षभर आम्ही दोघी त्या एका वाक्याभोवती फिरत राहिलो. हे प्रकरण लिहायला तिनं आनंदानं परवानगी दिली. तिचं, कॉलेजचं आणि तिच्या धर्मग्रामाचं, म्हणजे पॅरिशचं, नाव मात्र इथे मुद्दाम दिलेलं नाही.

ती ठाण्याचीच, ईस्ट इंडियन कुटुंबातली. 'ईस्ट इंडियन' हे नाव 1887 सालचं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला 50 वर्षं झाली तेव्हा घेतलेलं. माणसं मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून इथली, साष्टीची. घरी मराठी, रविवारी मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, घराच्या भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर. मी नगरकडची, प्रोटेस्टंट घरातली. आमच्याकडे फादर नसत, पाळकसाहेब असत. लग्नानंतर ठाण्यात आले आणि गेली वीसेक वर्षं इथेच इतिहास शिकवते. आम्हा दोघींच्या विश्वासात फरक बरेच आहेत, आणि त्यातला एक पुढे फार कामाला आला.

काय घडलं होतं

तिचा विषय होता 1321 साली ठाण्यात मारल्या गेलेल्या चार फ्रान्सिस्कन साधूंचा. टोलेंटिनोचा थॉमस, पाडुआचा जेम्स, सिएनाचा पीटर हे तिघे इटालियन. चौथा डिमीट्रियस, तिफ्लिसचा, म्हणजे आजच्या जॉर्जियातला. तो धर्मगुरू नव्हता, संघाचा ब्रदर होता. त्यांना ठाण्याला यायचंच नव्हतं. होर्मुझहून ते जहाजात बसले ते कोल्लमला जायला, आणि पुढे चीन गाठायला. जहाजानं त्यांना ठाण्याच्या खाडीत आणून सोडलं. सोबत जॉर्डनस नावाचा एक डॉमिनिकन धर्मगुरू होता. तो सोपारा-भरूचच्या बाजूला पुढे गेला, म्हणून वाचला.

ठाणं तेव्हा मोठं बंदर होतं. शिलाहारांचं श्रीस्थानक ओसरलं होतं. देवगिरीचं यादव राज्य 1317-18 मध्ये दिल्लीच्या खिलजींनी कायमचं संपवलं, आणि 1320 साली खुद्द दिल्लीतच खिलजी जाऊन घियासुद्दीन तुघलक आला. म्हणजे ठाण्यातला दिल्लीचा अधिकारी, मलिक, नव्या गादीखाली जेमतेम काही महिने बसलेला होता. पाय अजून रोवायचे होते.

साधू उतरले ते एका ख्रिस्ती घरात. हे लोक पूर्वेकडच्या सिरियाक परंपरेचे, ज्यांना युरोपीय लेखक 'नेस्टोरियन' म्हणत आणि पाखंडी मानत. एका संध्याकाळी त्या घरातल्या नवरा-बायकोचं भांडण झालं आणि नवऱ्यानं बायकोला मारलं. सकाळी ती काझीकडे गेली. साक्षीदार कोण, असं विचारल्यावर तिनं सांगितलं, घरात चार फिरंगी साधू आहेत, ते सांगतील. पीटर सामान राखायला मागे राहिला, बाकीचे तिघे गेले. साक्ष राहिली बाजूला आणि धर्मावर वाद सुरू झाला. ख्रिस्त देव की माणूस, मग मुहंमदांबद्दल तुमचं मत काय. साधूंनी दिलेलं उत्तर कुठल्याही मुसलमान माणसाला जिव्हारी लागेल असं होतं. मग आगीची परीक्षा, जेम्सला दोनदा ज्वाळेत घालणं, त्याचं सहीसलामत बाहेर येणं. मलिकानं त्यांना खाडीपल्याड पाठवून दिलं. रात्री मारेकरी मागे गेले. परंपरेनं ही तारीख 9 एप्रिल. मागे राहिलेल्या पीटरला 11 एप्रिलला मारलं.

हे सगळं आपल्याला कळतं मुख्यतः दोघांकडून. एक जॉर्डनस. त्यानं ऑक्टोबर 1321 मध्ये गुजरातेतल्या घोघ्याहून पत्र लिहिलं. मृतदेह सोपाऱ्याला नेऊन पुरले तेही त्यानंच. दुसरा ओडोरिक, पोर्देनोनेचा फ्रान्सिस्कन. तो साधारण वर्षभरानं ठाण्याला आला, त्यानं त्या अस्थी उकरून घेतल्या आणि थेट चीनमधल्या झैतूनला, आजच्या छ्वानचौला, नेल्या. त्याचा प्रवास पाडुआत 1330 साली दुसऱ्यानं लिहून घेतला, तो सांगत गेला तसा. आगीचा प्रसंग तपशिलानं येतो तो ओडोरिकच्या कथनात. त्यानं आग पाहिली नव्हती. ऐकलं होतं, आणि ऐकलेलं काही वर्षांनी सांगितलं.

पेन्सिलीची रेघ त्यासाठी होती.

दुसरा मसुदा

तीन आठवड्यांनी तिनं दुसरा मसुदा आणून दिला. पान 14 वरचं वाक्य गेलं होतं. त्याबरोबर बाकीचंही बरंच गेलं होतं. साधू आता 'पोपच्या राजकीय हितसंबंधांचे वाहक' झाले होते. त्यांचं मरण म्हणजे 'व्यापारी बंदरातील सत्तासंघर्षाचा परिणाम'. आगीचा प्रसंग एका ओळीत : 'उत्तरकालीन आख्यायिका'. प्रार्थना, व्रत, उपास यांतलं एकही अक्षर नाही. भाषा इतकी कोरडी, की ही मुलगी दर रविवारी चर्चच्या गायनवृंदात गाते यावर वाचणाऱ्याचा विश्वास बसला नसता.

एखाद्या परीक्षकानं या मसुद्याला बरे गुण दिलेही असते. मला तो पहिल्यापेक्षा वाईट वाटला, आणि मी तिला तसं सांगितलं. पहिल्या मसुद्यात तिनं पुराव्यापेक्षा जास्त विधान केलं होतं. दुसऱ्यातही नेमकं तेच केलं होतं, फक्त दिशा बदलून. हे चौघे पोपचे राजकीय हस्तक होते याला आधार काय? उलट थॉमसचं आयुष्य पाहा. संघाचा संस्थापक संत फ्रान्सिस याच्या गरिबीच्या व्रताला घट्ट धरून बसला म्हणून त्याच्या स्वतःच्याच संघानं त्याला कैदेत ठेवलं होतं. सुटल्यावर तो आर्मेनियाकडे गेला. 1307 साली चीनमधल्या मिशनची खबर घेऊन पोपसमोर उभा राहिला आणि पुन्हा पूर्वेकडे वळला. या माणसाला समजून घ्यायचं तर 'गरिबी' हा शब्द त्याच्या कानाला कसा ऐकू येत होता ते कळायला हवं. तिला ते कळत होतं. तरीही तिनं ते पुसून टाकलं होतं, का तर मी समासात एक शब्द लिहिला होता.

ही चूक माझी. 'पुरावा?' लिहिताना मी तिला काय काढायचं ते सांगितलं आणि काय ठेवायचं ते सांगायचं राहिलं. आपल्याकडे ख्रिस्ती, मुसलमान, वारकरी, कुठल्याही श्रद्धेच्या घरातून आलेल्या विद्यार्थ्याला इतिहासाच्या वर्गात न बोलता एक गोष्ट शिकवली जाते : चप्पल जशी बाहेर काढतोस तसा देवही बाहेर ठेव. मुलं आज्ञाधारकपणे ठेवतात. मग त्यांच्याजवळ उरतं काय? दुसऱ्या कुणाचे तरी पूर्वग्रह, आणि तेच निःपक्ष दृष्टी म्हणून मिरवतात.

कॅलेंडर आणि कान

तिसऱ्या फेरीत मी तिला काही लिहायला सांगितलं नाही. म्हटलं, ओडोरिकचं ठाण्याचं प्रकरण पुन्हा वाच. हेन्री यूल यांनी 1866 मध्ये केलेलं इंग्रजी भाषांतर आपल्याला मिळतं, तेच घे. पण या वेळी मिस्सेला बसलीयस अशी वाच.

दोन दिवसांनी रात्री दहा वाजता तिचा फोन आला. "मॅडम, 9 एप्रिल कुठला वार होता माहितीये? त्या वर्षी ईस्टर 19 एप्रिलला होता. मी जुन्या ज्युलियन गणितानं काढला. म्हणजे झावळ्यांचा रविवार 12 ला. ते मेले तो त्याच्या आधीचा गुरुवार! आणि पीटर गेला तो शनिवारी, झावळ्यांच्या आदल्या दिवशी."

मी स्वतः कागद घेऊन गणित केलं. बरोबर होतं. ही आकडेमोड कुणालाही जमेल, त्यासाठी बाप्तिस्मा लागत नाही. पण एप्रिलची तारीख दिसल्याबरोबर ईस्टर कधी होता हा प्रश्न मनात उठायला ते वर्ष अंगात मुरलेलं लागतं, राखेच्या बुधवारापासून मोजत आलेलं. ते साधू उपवासकाळाच्या शेवटच्या टप्प्यात होते. दोन-तीन दिवसांत प्रभूच्या दुःखसहनाचं वाचन सुरू होणार होतं. काझीसमोर उभं राहताना त्यांच्या डोळ्यांपुढे कोण उभं असेल हे समजायला एवढं पुरेसं आहे.

यापुढची पायरी तिची तिनं चढली. तिनं कथनाचा सांगाडा काढला : आधी धर्माच्या अधिकाऱ्यापुढे चौकशी, मग राज्याच्या अधिकाऱ्यापुढे, राज्याचा अधिकारी सोडून द्यायला तयार, धर्माचा अधिकारी अडून बसलेला, शेवट शहराबाहेर, रात्री. "मॅडम, हे कैफा आणि पिलात आहेत," ती म्हणाली. म्हणजे येशूची चौकशी करणारे प्रमुख याजक आणि रोमी सुभेदार. "सांगणाऱ्यानं ठाण्याच्या लोकांना शुभवर्तमानातले कपडे घातलेत." आणि आगीचा प्रसंग? दानिएलच्या पुस्तकातली बाबेलची भट्टी. तिघेजण भट्टीत, ज्वाळा लागत नाहीत. तिघे काझीकडे गेले होते, हेही तिच्या ध्यानात आलं.

मला या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही वाटते. ज्याला शुभवर्तमान पाठ आहे त्यालाच ओडोरिकच्या कथेत शुभवर्तमानाचा साचा चटकन ऐकू येतो. आणि साचा ऐकू आला की मगच साच्याबाहेरचं काय उरतं ते दिसायला लागतं. श्रद्धेनं तिला भोळं केलं नाही, तिचा कान तयार केला. लावणीचा ठेका ज्याच्या अंगात आहे त्यालाच शाहिरानं कुठली ओळ ठेक्यासाठी बसवली आणि कुठली मनापासून आली ते उमगतं. तसंच हे.

अशा वाचकांची ख्रिस्ती परंपरा जुनी आहे हेही मी तिला सांगितलं. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या सुरुवातीलाच सांगतो की त्यानं सगळं मुळापासून शोधून, क्रमवार लिहायचं ठरवलं. 1643 पासून बोलांदिस्ट जेझुइट संतांच्या चरित्रांची एकेक हस्तप्रत तपासत बसले. त्यांच्यातल्या पापेब्रोकनं कार्मेलाइट संघाची स्थापना एलिया संदेष्ट्यानं केली ही समजूत मान्य करायला नकार दिला, आणि 1695 मध्ये स्पेनच्या इन्क्विझिशननं, म्हणजे तिथल्या धर्मन्यायालयानं, त्यांच्या खंडांवर बंदी घातली. हा पापेब्रोक रोज मिस्सा म्हणणारा धर्मगुरू होता. संतांवर प्रेम होतं म्हणूनच त्यांच्या नावावर खपणारं खोटं त्याला सहन होत नव्हतं.

साच्याबाहेर उरलेली बाई

साच्याबाहेर काय उरलं, तर ती बाई.

कैफा-पिलाताच्या चौकटीत नवऱ्याचा मार खाल्लेल्या बायकोला जागा नाही. बाबेलच्या भट्टीतही नाही. रक्तसाक्षींच्या थोर कथेची सुरुवात घरगुती मारहाणीनं करायची, असं कुणी कथा रचताना ठरवणार नाही. म्हणून तो तपशील खरा असण्याचा संभव जास्त. पहिल्या मसुद्यात या बाईला अर्धं वाक्य मिळालं होतं, दुसऱ्यात तेही नाही. तिसऱ्यात तिच्यावर आठ पानं झाली.

त्या आठ पानांतून बरंच निघालं. ख्रिस्ती बाई न्यायासाठी काझीकडे गेली, म्हणजे ते दार आपल्यालाही उघडं आहे असा तिचा अनुभव किंवा निदान अंदाज होता. काझीनं साक्षीदार मागवले, म्हणजे तक्रार ऐकून घेतली. पोर्तुगीजांना वसई 1534 साली मिळाली. त्याच्या दोनशे वर्षं आधी ठाण्यात ख्रिस्ती घर होतं, आणि ते लॅटिन चर्चचं नव्हतं. सहाव्या शतकातला कॉस्मस हा व्यापारी 'कल्लियाना' इथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचं लिहितो. ते आपलं कल्याण की कर्नाटकाच्या किनाऱ्यावरचं कल्याणपूर यावर अभ्यासकांचा वाद आहे, आणि तिनं तो वाद जसाच्या तसा मांडला.

मी तिला विचारलं, ही बाई तुला पहिल्यांदा का दिसली नाही? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मी संत शोधत होते ना. पण प्रभू असता तर आधी तिच्याकडेच वळला असता." हे वाक्य तिनं प्रबंधात घातलं नाही. घालायचं कारणही नव्हतं. पण ती आठ पानं त्या वाक्यामुळे झाली हे मला माहीत आहे, आणि कुठल्याही पद्धतीच्या पुस्तकातून ती झाली नसती.

काझी आणि मलिक यांच्याबाबतीत तिला मदत केली आमच्या उर्दू विभागातल्या सरांनी. ते मुंब्र्याचे. ओडोरिक ज्याला 'लोमेलिक' म्हणतो तो 'अल्-मलिक', हे त्यांनी एका क्षणात सांगितलं. मग थोडं थांबून म्हणाले, "बेटा, तुझ्या साधूंनी जे उत्तर दिलं ते वाचून मला त्रास झाला. तू ते गाळू नकोस. पण मला त्रास होतो हेही लक्षात ठेवून लिही." तिनं ते उत्तर गाळलं नाही, भडकही केलं नाही. ओडोरिकच्याच कथनात पुढे येतं की दिल्लीच्या सुलतानानं या हत्येबद्दल मलिकाला देहदंड दिला. पहिल्या मसुद्यात हे नव्हतं. आता ते मुद्द्याच्या जागी आलं, कारण 'मुसलमानांनी ख्रिस्त्यांना मारलं' या एका ओळीत न मावणारं असं त्या कथेतच काहीतरी आहे.

प्रदर्शन

घटनेला 700 वर्षं झाली ती एप्रिल 2021 मध्ये. नेमकी तेव्हा कोरोनामुळे महाराष्ट्रातली सगळी प्रार्थनास्थळं बंद होती. स्मरणाची मिस्सा लोकांनी मोबाइलवर पाहिली. पुढच्या वर्षी तिच्या धर्मग्रामानं राहून गेलेलं प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि फलकांचं काम साहजिकच तिच्याकडे आलं. खरा पेच इथे पडला. विद्यापीठाला पुरावा हवा असतो. चर्चच्या हॉलमध्ये आलेल्या आजीला तिचा संत हवा असतो, आणि ती मागणी मला जराही क्षुल्लक वाटत नाही.

आगीच्या फलकावर फार ओढाताण झाली नाही. फादरांनी मजकूर वाचला, 'ओडोरिक सांगतो की' हे शब्द दोनदा वाचले आणि म्हणाले, "ठीक आहे. मीही प्रवचनात असंच म्हणेन." संत बर्थोलोम्यूचा फलक जास्त नाजूक होता. प्रेषित बर्थोलोम्यू कल्याणला आला होता अशी आपल्याकडे परंपरा आहे. चर्चचा इतिहासकार युसेबियस चौथ्या शतकात लिहितो की पॅंतेनस नावाचा गुरू भारतात गेला तेव्हा तिथल्या लोकांकडे बर्थोलोम्यूनं ठेवलेलं मत्तयाचं शुभवर्तमान होतं. पण त्या काळचे ग्रीक लेखक 'इंडिया' म्हणत तेव्हा अरबस्तान आणि इथिओपियाही त्यात येत. फलक राहिला, 'आमची परंपरा' या मथळ्याखाली. आठवण आणि नोंद या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की दोन्हींचा मान राहतो.

वाद पेटला तो मंडपेश्वरच्या फलकावर. बोरिवलीची मंडपेश्वर लेणी शैव आहेत, आत नटराजाचं शिल्प आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांनी त्या लेण्याचं चर्च केलं आणि वर मठ उभारला. या कामाशी फ्रे अंतोनियो दो पोर्तो याचं नाव जोडलेलं आहे, आणि वसई-साष्टीतली देवळं पाडण्याशीही. लेण्यातल्या भिंतीवर कोरलेला क्रूस आजही दिसतो. तिनं फलकावर छायाचित्र लावलं आणि खाली सरळ लिहिलं की हे आमच्या धर्माच्या लोकांनी केलं.

धर्मग्रामातले एक ज्येष्ठ अंकल, ज्यांनी प्रदर्शनासाठी सगळ्यात जास्त पळापळ केली होती, ते अस्वस्थ झाले. "बाय गो, आधीच दिवस कसे आहेत बघतेस ना? आपल्याच हातानं आपल्याविरुद्ध कशाला लिहायचं? बाहेरचे लिहितातच की." त्यांची भीती खोटी नव्हती. मी त्या बैठकीला होते, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं.

ती म्हणाली, "अंकल, आठवी आज्ञा."

मी नकळत म्हणाले, "नववी." सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मग उलगडा झाला. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा कॅथलिक मोजणीत आठवी आणि आमच्या प्रोटेस्टंट मोजणीत नववी येते. खोलीतला ताण जरा सैल झाला. तिनं तेवढ्यात बोलून घेतलं : 1321 च्या काझीविरुद्ध मी खोटी साक्ष दिली नाही, मग 1550 च्या शेजाऱ्याविरुद्ध कशी देऊ? गप्प बसणं हीसुद्धा साक्षच आहे. आणि पाप कबूल करायला आपण दर शनिवारी जातो, ते फक्त स्वतःपुरतंच का?

इतिहास लिहिणं म्हणजे साक्ष देणं, हे त्या दिवशी तिच्या तोंडून मला नव्यानं कळलं. माझ्या मते श्रद्धेचं इतिहासातलं काम ते हेच. देवाचा हात कुठे कुठे दिसतो हे दाखवत बसण्यापेक्षा ते कितीतरी कठीण आहे.

फलक लागला. अंकल उद्घाटनाला आले नाहीत. शेवटच्या दिवशी संध्याकाळी आले, मंडपेश्वरच्या फलकासमोर बराच वेळ उभे राहिले आणि कुणाशी न बोलता गेले. त्यांचं मत बदललं का, मी विचारलं नाही.

1739 च्या फलकाबद्दल थोडंसं. मराठ्यांनी 1737 मध्ये ठाण्याचा किल्ला घेतला आणि 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई. तिकडच्या चर्चच्या घंटा देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरातली घंटा 1721 साली पोर्तुगालमध्ये ओतलेली आहे. फलकाच्या पहिल्या कच्च्या मजकुरात 'देवाने आपल्या लोकांची परीक्षा घेतली' असं होतं. मी तिला संत ऑगस्टिन या जुन्या ख्रिस्ती धर्मपंडिताची आठवण करून दिली. रोम 410 साली लुटलं गेलं, लोक विचारू लागले की देवानं हे का होऊ दिलं, आणि त्यानं तेरा वर्षं खर्चून उत्तर लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की कोण जिंकलं आणि कोण हरलं यावरून देवाचं मन वाचता येत नाही. तिनं ते वाक्य स्वतःच खोडलं. मराठ्यांच्या विजयात ईश्वरी न्याय पाहणारा मजकूर आपल्या मराठीत पुष्कळ आहे. त्यालाही हेच लागू.

तोंडी परीक्षा

बहिस्थ परीक्षक जुन्या पिढीतले, पुराभिलेखात आयुष्य घालवलेले. पहिलाच प्रश्न त्यांनी टाकला : "तुम्ही स्वतः ख्रिस्ती आहात. हा अभ्यास निःपक्ष कसा मानायचा?" ती घाबरली होती, हात थरथरत होते. म्हणाली, "सर, माझा पक्ष मी प्रस्तावनेत लिहिलाय. तुम्ही प्रत्येक पान तो लक्षात ठेवून तपासा. न लिहिला असता तर तपासता आलं नसतं." ते हसले आणि प्रस्तावनेचं पान उघडलं. तिथे तिनं लिहिलं होतं की चमत्कार होऊ शकतो असं ती मानते, आणि हा चमत्कार झाला हे तिला सिद्ध करता येत नाही.

मग त्यांनी जो दोष काढला तो मात्र बिनतोड होता. सगळी साधनं ख्रिस्ती आहेत. दुसऱ्या बाजूचा एकही कागद नाही. हे तिनं चौथ्या प्रकरणात सांगितलं आहे, ते पहिल्या पानावर यायला हवं होतं. "काझी तुमच्या प्रबंधात बोलतो तेव्हा त्याच्या तोंडचे शब्द ओडोरिकचे असतात." बरोबर होतं, आणि ते मला आधी दिसायला हवं होतं. इतके महिने आम्ही दोघी साचा शोधत राहिलो, पण साच्याच्या आत अडकलेल्या त्या माणसाला स्वतःचा आवाजच नाही ही गोष्ट एका तिसऱ्या, बाहेरच्या माणसानं दाखवून दिली. बांधणीआधी तिनं पहिलं पान बदललं. आता शनिवारी दुपारी ती मुंब्र्याला जाते, उर्दूच्या सरांकडे फारसी शिकायला. अलिफ-बे पासून सुरुवात आहे.

बांधलेल्या प्रतीत ते वाक्य पान 14 वर राहिलं नाही, सरकून 31 वर गेलं. आता ते असं आहे :

"ओडोरिक सांगतो की जेम्स ज्वाळांमधून सुखरूप बाहेर आला. ओडोरिक तेव्हा ठाण्यात नव्हता. ज्यांनी त्याला हे सांगितलं त्यांची नावं त्यानं दिलेली नाहीत. काझीची बाजू कुणी लिहून ठेवली असल्यास ती या लेखिकेला मिळालेली नाही. ज्या स्त्रीच्या तक्रारीवरून हे तिघे त्या सकाळी तिथे उभे होते, तिच्या तक्रारीचा निकाल काय लागला, हेही ओडोरिक सांगत नाही."